सहा क्लिपांचं कार्ड

आमच्या केंद्रात छताला दोन पंखे आहेत. एक मी विकत घेतलेला, तो कुरकुरतो. दुसरा नारूसेठनी दिलेला. तो आवाज न करता फिरतो. उन्हाळ्यात आलेले पालक नेमके त्या दुसऱ्याखाली जाऊन बसतात आणि म्हणतात, "सर, इथे कसं गार वाटतं." मी मान हलवतो. तो पंखा माझ्याकडे खेळायला येणाऱ्या मुलांच्या बोटांच्या कमाईतून आला आहे, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

या अंकासाठी माझ्या कामातले आनंदाचे अनुभव मागितले होते. तसे ते आहेत. स्वतःच्या हाताने पहिल्यांदा शर्टाचं बटण लावून, ते काढून, पुन्हा लावत दुपारभर बसलेला मुलगा मी पाहिला आहे. पण एका मुलीची गोष्ट मी बरेच महिने आनंदाचा अनुभव म्हणून ठिकठिकाणी सांगत होतो, आणि ती तशी नव्हती. ती बाजूला ठेवून बाकीच्या गोष्टी लिहायला बसलो, तर एकही पुढे सरकेना. म्हणून तिचीच लिहितो.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. उल्हासनगर कॅम्प दोनच्या बाजारात, एका कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर माझं छोटं केंद्र आहे. पाटीवरचा 'ऑक्युपेशनल' हा शब्द वाचून एकदा एक गृहस्थ आपल्या मिसरूड फुटलेल्या मुलाला घेऊन जिना चढून आले. "बारावी झालाय, टायपिंग येतं, कुठेतरी चिकटवून द्या." मी त्यांना समजावलं की मी नोकऱ्या लावत नाही, लहान मुलांच्या हातांवर काम करतो. ते वैतागले. "मग एवढा जिना कशाला चढवलात आम्हाला?" हा किस्सा मी पुष्कळांना हसत हसत सांगायचो. आता सांगत नाही. कारण नंतर मी खरोखरच एकीला कामाला लावलं, आणि तेव्हा ती सहा वर्षांचीही नव्हती.

माझं काम सांगायला सोपं आहे. काही मुलांची बोटं वयाच्या मानाने मागे राहतात. कुणी फार लवकर जन्मलेलं असतं, कुणाचे सांधे सैल असतात, कुणाला हातात काही धरायची संधीच मिळालेली नसते. अशा मुलाला पेन्सिल धरता येत नाही, ही तक्रार घेऊन आई येते. पण बघायला गेलं तर त्याला डबा उघडता येत नाही, चड्डीचं बटण काढता येत नाही म्हणून ते शाळेत पाणी पीत नाही, आणि वरण-भात कालवून त्याचा घास करता येत नाही म्हणून अजून आई भरवते. घास करणं ही मोठी कसरत आहे. अंगठा आणि पहिली दोन बोटं काम करतात, उरलेली दोन तळहातात दुमडून आधार देतात. मुलांना मी सांगतो, तीन बोटं जागी, दोन झोपलेली. झोपलेल्यांना उठवायचं नाही हं.

ही बोटं तयार होतात ती व्यायामाने नाही, खेळाने. कणकेचे गोळे, दोरीवर लावायचे कपड्यांचे चिमटे, चिमटीने सोडलेली रांगोळी, ताटात सांडलेले आणि एकेक वेचलेले कुरमुरे. माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या मुली विचारतात, "सर, कुरमुरे वेचायला लावणं हा खेळ कसा? ते कामच झालं की." मी त्यांना ठरलेलं उत्तर देतो. काय चाललंय ते बघू नका, बास कोण म्हणतं ते बघा. मूल बास म्हणून उठू शकत असेल तर तो खेळ. हे वाक्य मला फार आवडायचं. मुली वहीत उतरवून घ्यायच्या.

शनिवारी मी बदलापुरात काही घरी जाऊन मुलांना बघतो. मी तिथेच राहतो. नवे टॉवर, स्वच्छ लॉबी, दोघंही सकाळच्या गाडीने मुंबईला जाणारे आईबाप. अद्वैत हा तिथला माझा एक छोटा दोस्त. पाच वर्षांचा, बोलायला तल्लख, पण बोटं लोण्याची. त्याच्या आईला मी पहिल्या दिवशी म्हटलं, "त्याला मटार सोलायला द्या."

"सर, आम्ही फ्रोजन आणतो."

"बरं, पोळ्या करताना कणकेचा गोळा द्या हातात."

"पोळ्यांना मावशी येतात. त्या सहाला करून जातात, तेव्हा हा झोपलेला असतो."

"बुटाची नाडी?"

"वेल्क्रोचे आहेत ना." आणि मग जरा घाबरत, "एखादं किट मिळत नाही का सर? ऑनलाइन?"

त्या बाई वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. त्या घरात हाताने करायचं असं काही उरलेलंच नव्हतं. आणि त्याच आठवड्यात कॅम्प दोनला माझ्याकडे जी हर्षाली यायची, तिच्या घरात हाताने करायचं सोडून दुसरं काही नव्हतं. या दोन घरांच्या मधोमध मी उभा होतो, आणि मला वाटलं की मला मोठा शोध लागला.

हर्षालीचं घर अंबरनाथला, आनंदनगरच्या अंगाला. आगरी कुटुंब. आजोबांची भातखाचरं कधीच कारखान्यांखाली गेली. आता वडील त्याच भागातल्या एका कंपनीत ठेकेदाराकडे काम करतात. मुलगी वेळेआधी जन्मलेली, सांधे सैल. अंगठा मागे वळवला तर जवळजवळ मनगटाला टेकायचा, आणि चुलत भावंडं ती गंमत पाहुण्यांना दाखवायची. शाळेने सांगितलं होतं, स्वतःचं नाव लिहिता आलं आणि बटणं लावता आली तरच पहिलीत घेऊ, नाहीतर बघा दुसरीकडे. तिची आई दर्शनाताई तिला रिक्षाने घेऊन यायच्या. तिशीच्या आतल्या, बोलायला फटकळ.

"सर, हिची बोटं म्हणजे नुसत्या शेवया हायत. काय होईल का हिचं?"

"होईल ताई. वेळ लागेल."

"शाळावाले थांबतील तर ना."

मी चिमट्यांपासून सुरुवात केली. पुठ्ठ्याचा गोल, त्यावर सिंहाचं तोंड, आणि कडेने कपड्यांचे चिमटे लावून आयाळ करायची. हर्षालीला चिमटा उघडेना. दोन्ही हातांनी दाबायची, ओठ दातात धरायची, चिमटा उडून जायचा आणि ती हसत सुटायची. तिचं ते हसणं खूप मोठ्याने असे. खालच्या दुकानातला पोऱ्या एकदा वर बघायला आला होता, काय झालं म्हणून.

दर्शनाताई केंद्रातून निघताना त्याच बाजारातून एक गोणी घेऊन जायच्या. एकदा मी विचारलं, यात काय असतं? त्यांनी गोणीचं तोंड उघडलं. आत केसांच्या टिकटॅक क्लिपा होत्या. पत्र्याच्या, रंगीत, मधे दाबली की टक् करून बंद होणाऱ्या. सोबत छापील कार्डांचा गठ्ठा. एका कार्डावर सहा क्लिपा, दोन रांगांत. दुकानात आपण टांगलेली बघतो ती ही कार्डं. अंबरनाथ-उल्हासनगरच्या किती खोल्यांत बसून बायका ती मजुरीवर भरतात, ते आपल्याला दिसत नाही.

"सर, हे पण चिमट्यासारखंच आहे ना? हिला हे लावू दिलं तर चालेल काय? घरी चिमटे चारच हायत."

मी एक क्लिप उघडली, कार्डात सरकवली, दाबली. टक्. अंगठा आणि दोन बोटं, बरोबर हवी ती पकड. शिवाय प्रत्येक वेळी आवाजाचं बक्षीस. मी म्हटलं, "चालेल काय म्हणता? उत्तम! विकतच्या खेळण्यांपेक्षा चांगलं. रोज करू द्या."

रोज किती वेळ, हे मी सांगितलं नाही. सैल सांध्यांच्या मुलाला जोराची पकड थोडी थोडी, मोजून द्यायची असते, हे मला ठाऊक होतं. तेच तर मी शिकलो आहे. पण त्या क्षणी मला आईच्या हातातली गोणी म्हणजे साक्षात फुकटचं किट वाटलं, आणि मी आपल्याच हुशारीवर खूश झालो.

हर्षालीचा हात भराभर सुधारला. पावसाळा संपायच्या आत तिची पेन्सिल स्थिर झाली. 'हर्षाली' हे नाव वरच्या रफारासकट सरळ रेषेवर यायला लागलं. बटणं जमली, डबा जमला. शाळेने पहिलीत घेण्याचं कबूल केलं, त्या दिवशी दर्शनाताई पेढे घेऊन आल्या. मी सगळ्या मुलांना टाळ्या वाजवायला लावल्या.

मग नारूसेठ आले. क्लिपांचा माल त्यांचा. साठी ओलांडलेले, जाड, दम लागणारे. जिना चढून आले तेव्हा बराच वेळ बोलूच शकले नाहीत. पाणी पिऊन म्हणाले, "साईं, वो अंबरनाथवाली बाई के कार्ड एकदम लाइन में आते हैं आजकल. पूछा तो बोली, मेरी बेटी लगाती है, डॉक्टर ने खेल दिया है. सच्ची बात है?"

मी अभिमानाने सगळं समजावलं. पकड, सांधे, टक् आवाजाचं बक्षीस.

"वाह! तो बाकी बच्चों को क्यों नहीं? मेरे पास माल की कमी थोड़ी है." दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस दोन गोण्या टाकून गेला.

मी त्या घेतल्या. लाच म्हणून नव्हे, साहित्य म्हणून घेतल्या. मुलं क्लिपा लावायची, भरलेली कार्डं एका खोक्यात पडायची, आणि खोकं भरलं की नारूसेठांचा माणूस येऊन घेऊन जायचा. कार्डावरच्या क्लिपा काढून पुन्हा वापरायचा वेळ वाचतो, असं मी स्वतःला सांगितलं. उन्हाळा लागला तशी एक दिवस शिडी घेऊन वायरमन आला. मागोमाग नारूसेठ. "गर्मी में बच्चे बेचारे काम..." म्हणता म्हणता थांबले, हसले, "मतलब खेलते हैं, तो हवा चाहिए ना."

मीही हसलो.

बदलापूरच्या पालकसभेत मी हर्षालीची कार्डं घेऊन गेलो. 'घरातलंच साहित्य, घरातलाच खेळ' असा माझा विषय होता. त्या मुलीच्या आईकडून आपण शिकायला हवं, असं मी म्हणालो. टाळ्या पडल्या. अद्वैतच्या आईने थोड्या क्लिपा मागून घेतल्या. पुढच्या शनिवारी त्याने माझ्यासमोर चार लावल्या, पाचवी हातात घेतली, खाली टाकली. "बास. बोअर झालं." आणि गच्चीवर पळाला.

त्याची आई ओशाळली. "सॉरी सर. याचं लक्षच टिकत नाही कशात."

"अहो, चांगलं आहे," मी म्हटलं. "बास म्हणता येणं हीच तर खूण आहे."

किती सहज म्हटलं मी ते. हर्षाली कधी बास म्हणाली होती का, हा प्रश्न त्या शनिवारी माझ्या मनाला शिवलाही नाही.

पहिलीत गेल्यावर हर्षाली अधूनमधून यायची. एकदा मी तिच्यापुढे मातीचा मोठा गोळा ठेवला. "तुला हवं ते कर."

तिने मातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "किती करायचे?"

"काय किती?"

"गोळे."

"अगं, गोळेच कर असं नाही. हत्ती कर, घर कर, सापही कर. तुझ्या मनाला येईल ते."

तिने आईकडे बघितलं. मग मान खाली घालून कामाला लागली. सारख्या आकाराचे सहा गोळे केले, दोन रांगांत मांडले, ते बाजूला सरकवले आणि पुढचे सहा करायला घेतले. हसली नाही. बोललीही नाही. माझी विद्यार्थिनी म्हणाली, "सर, किती क्यूट!" आणि मी मोबाइलवर त्या गोळ्यांचा फोटो काढून ओळखीच्या डॉक्टरांना पाठवला. त्यांनी अंगठे पाठवले. सिंहाची आयाळ करताना खालचं दुकान दणाणून सोडणारी मुलगी आता आवाज करत नाही, हे ज्याचं कामच मुलांकडे बघणं आहे त्या माणसाला दिसलं नाही. मी तिची पकड बघत होतो. पकड सुंदर होती.

त्यानंतर दर्शनाताई म्हणाल्या, "सर, आता हात बसला तिचा. यायची गरज नाय ना?" मी म्हटलं, नाही. त्या तिला आणायच्या थांबल्या. गोणी न्यायला मात्र एकट्या येत राहिल्या. कधी जिन्याखाली दिसल्या की हात करायच्या.

पुढच्या पावसाळ्यात तिच्या शाळेतून फोन आला. वर्गशिक्षिका होत्या. "सर, तुमची हर्षाली दोन ओळी लिहिते आणि पेन्सिल ठेवून देते. हात दुखतो म्हणते. नाटक असेल का?"

मी दर्शनाताईंना बोलावून घेतलं. हर्षालीच्या उजव्या अंगठ्याचं बूड सुजलं होतं. मी हलकेच दाबलं. ती रडली नाही, फक्त खांदा मागे नेला.

"दुखतं?"

"एवढंसंच."

"कधी दुखतं?"

तिने आईकडे बघितलं. आई भिंतीवर टांगलेल्या पुठ्ठ्याच्या सिंहाकडे बघत होती.

हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मुळात सैल सांधा, त्यावर सारखा ताण; पूर्ण विश्रांती. क्लिपा नाहीत, आणि काही आठवडे पेन्सिलही नाही. आधारपट्टी बनवायचं काम माझंच. खास प्लास्टिकचा तुकडा गरम पाण्यात मऊ करायचा, मुलाच्या हातावर ठेवून बसवायचा आणि थंड होईपर्यंत धरून ठेवायचा. अंगठा हलू द्यायचा नाही. जो अंगठा चालता व्हावा म्हणून मी तिला वर्षभर खेळवलं होतं, तो मी माझ्या दोन्ही हातांनी धरून बंद केला. प्लास्टिक गरम होतं. ती म्हणाली, "छान वाटतं, सर."

त्याच संध्याकाळी मी नारूसेठांच्या दुकानात गेलो. केंद्रातल्या उरलेल्या गोण्या परत केल्या आणि म्हटलं, "सेठ, लहान मुलं असलेल्या घरी माल देऊ नका."

त्यांनी मला बसवलं, चहा मागवला. राग नाही, काही नाही. "आप बोलो तो मैं उस बाई का माल आज बंद करता हूँ. मगर परसों वो दूसरे से लाएगी, और गाली आपको-मेरे को दोनों को देगी." मग आपले जाड हात टेबलावर उलटे ठेवले. "साईं, हम रिफ्यूजी कैंप की बैरक में रहते थे. माँ काज करती, हम भाई-बहन बटन टाँकते थे. इतने-इतने से थे. लेकिन एक बात है, हमको किसी डॉक्टर ने नहीं बोला था कि ये खेल है."

ते टोमणा मारत नव्हते. म्हणून ते बोलणं जास्त लागलं. मी पंखा परत न्या म्हणालो, तेव्हा मात्र ते दुखावले. "दिया हुआ वापस लेते हैं क्या?"

आठवड्याने, रविवारी सकाळी, पट्टी नीट बसली आहे का ते बघायला मी हर्षालीच्या घरी गेलो. तिच्या घरी जायची माझी ती पहिलीच वेळ. बदलापूरच्या घरी मी जातो, कारण तिथून बोलावणं येतं. इथे कुणी बोलावलं नव्हतं, आणि मलाही आजवर सुचलं नव्हतं.

दार उघडंच होतं. जमिनीवर मोठं ताट, त्यात रंगीत क्लिपांचा ढीग. टीव्ही चालू, कुणी बघत नव्हतं. दर्शनाताईंनी मनगटाला ओढणी घट्ट गुंडाळली होती. त्यांच्याशेजारी हर्षाली मांडी घालून बसली होती. पट्टीचा उजवा हात मांडीवर ठेवलेला, शहाण्यासारखा, जराही न हलवता. आणि डाव्या हाताने ती कार्डावर क्लिपा लावत होती. टक्. टक्.

मला बघून तिचा चेहरा उजळला. "सर! बघा ना, मला आता या हातानेपण येतं!"

तिला वाटलं, मी खूश होईन. का वाटू नये? माझ्याकडे ती हाताने काही जमवून दाखवायला आणि टाळ्या घ्यायलाच शिकली होती.

"दर्शनाताई," मी म्हटलं, "हे बंद करायला हवं. कुठल्याच हाताने नाही."

"मी कुठे बोलते तिला कर म्हणून? ती आपली येऊन बसते."

"तुम्ही नको म्हणा."

"नको बोलली तर टीव्ही बघेल. टीव्ही नको, हाताला कायतरी द्या, हे कोण बोललं? तुम्हीच ना?"

"मी खेळ म्हटलं होतं, ताई."

"याच क्लिपा हातात धरून बोललात तुम्ही खेळ. मी माझ्या मनाने नाय काय ठरवलं." त्यांचे हात थांबले नव्हते. "शाळेत घेतलं तिला, ते कशाने? तेव्हा टाळ्या वाजवल्यात. आता तेच वाईट झालं?"

"तुमची चूक नाही. चूक माझी आहे. मी वेळ ठरवून द्यायला हवी होती. नंतर विचारायला हवं होतं."

"ते बोलून तुम्ही मोकळे." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "माझं मनगट धरलंय दिवाळीपासून. रात्री भाकरी थापता येत नाय. कुणाला सांगू? हिचे पप्पा कंपनीतून येतात ते आडवे होतात. हिची मदत होत होती, खोटं कशाला बोलू? होत होती. मला काय पोरीचं वाईट करायचंय? उद्या सकाळी ही गोणी द्यायचीय. तुम्ही बसता काय लावायला?"

हर्षाली दोघांकडे आळीपाळीने बघत होती. हात मात्र चालूच होता.

मी चप्पल दाराबाहेर काढली होती. आत येऊन ताटाशी बसलो. दर्शनाताई म्हणाल्या, "अहो सर, मी रागात बोलली. उठा." मी उठलो नाही. एक कार्ड घेतलं. हर्षालीच्या हातातलं काढून घेऊन म्हटलं, "तू जा. बाहेर मुलं खेळतायत."

बाहेर गल्लीत खरंच पोरं होती. टायर पळवत होती, भांडत होती. ती उंबऱ्यापर्यंत गेली. तिथे थोडा वेळ उभी राहिली, एका पायावरून दुसऱ्या पायावर. एका पोराने हाक मारली, "ए हर्षे, येते काय?" तिने मान हलवली, कशासाठी हलवली ते कळलं नाही, आणि परत येऊन माझ्या शेजारी बसली.

माझ्या क्लिपा वाकड्या लागत होत्या. दुसऱ्यांच्या मुलांची बोटं घडवण्यात माझी वर्षं गेली, पण सलग कार्डं भरायला मी आयुष्यात कधी बसलो नव्हतो. पत्रा बोटाच्या टोकाला चावतो. अंगठ्याचं बूड लवकरच भरून येतं, अगदी त्याच जागी.

"असं नाही, सर," हर्षाली म्हणाली. तिने डाव्या हाताने माझी करंगळी आणि शेजारचं बोट धरून तळहातात दुमडलं. "तीन जागी, दोन झोपलेली. झोपलेल्यांना उठवायचं नाही हं." मी एक नीट लावली. "शाब्बास!" ती म्हणाली. माझ्याच आवाजात.

दर्शनाताईंना हसू आलं. मलाही आलं असतं.

ताटातला ढीग कमी होत नव्हता. एक कार्ड भरलं, दुसरं भरलं, पुढची मोजणं मी सोडून दिलं. पाय आखडले, पाठ धरली. आणि काही विचार न करता, सहज, माझ्या तोंडून गेलं, "हर्षाली, अजून किती करायची गं?"

तिला तो प्रश्न फार सोपा वाटला. तिने माझं वाकडं कार्ड सरळ करून गठ्ठ्यावर ठेवलं.

"मम्मी बास म्हणेल तोपर्यंत, सर."

दर्शनाताईंचे हात थांबले. बाहेरून टायरचा आणि पोरांच्या ओरडण्याचा आवाज आत येत होता. त्यांनी ओढणीचं टोक दातात धरून मनगटावर आणखी आवळलं, आणि ताटातून पुढची क्लिप उचलली.